गल्लीच्या नकाशावरचा आक्काचा दोरा

चांगलं कसं लिहावं हे सांगायला मला बोलावतात. हायस्कुलात मराठी शिकवतो, रविवारच्या पुरवणीत बरीच वर्षं लिहिलं, दोन लहान पुस्तकं निघाली. एवढ्या भांडवलावर बेळगावात माणूस लेखक ठरतो. मीही ठरू दिलं.

गेल्या हिवाळ्यात इथल्या एका कॉलेजच्या पोरापोरींनी खडेबाजार आणि आसपासच्या बोळांचा नकाशा करायला घेतला होता. मोबाइलवर असतो तसला नाही. कुठल्या शटरवर हातानं रंगवलेलं चित्र आहे, म्हातारे कुठल्या कट्ट्यावर बसतात, उन्हाळ्यात पाण्याचा माठ कोण ठेवतं, असला. मीही दोन सकाळी त्यांच्याबरोबर हिंडलो. एका टेलरनं शटरवर लिहिलं होतं, ‘दुकान बंद असल्यास समोर विचारावे.’ समोरच्या भांडीवाल्यानं आपल्या खांबावर लिहिलं होतं, ‘समोरच्याचे आम्हांस विचारू नये.’ दोन्ही अक्षरं एकाच पेंटरची. पोरं हसली, फोटो काढले. मला वाटलं, मी वर्षभर पुरवणीत जे सांगायला धडपडतो ते ह्या दोघांनी दोन ओळींत उरकलंय.

मग एके दुपारी वर्गात बसून ‘हे सगळं लिहायचं कसं’ ते मी सांगायचं होतं. नमुना म्हणून मी माझा एक जुना लेख वाचून दाखवला. निपाणीतल्या एका गल्लीत बायकांनी रांगोळीनं जमिनीवर काढलेल्या नकाशावरचा. हा लेख मी अनेक ठिकाणी वाचलाय आणि त्यातल्या एका बाईवरच्या वाक्याला लोक दरवेळी मान डोलावतात. तिथंही माना डोलल्या. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं तेवढा हात वर केला.

“सर, त्या बाईंना विचारलं होतं का, हे लिहू का म्हणून?”

मी म्हणालो, “हो, विचारलं होतं की.”

नव्हतं विचारलं. ती बाई माझी सख्खी बहीण आहे. त्या एका वाक्यानंतर तिनं माझ्यावर टाकलेला विश्वास काढून घेतला आणि तो परत मागायची माझी सहा वर्षांत छाती झाली नव्हती. मुलीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. बहुतेक हेच, की आधी विचारावं.

त्या दिवशी टिळकवाडीला घरी आलो. घर म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट. बायको गेली दोन वर्षं पुण्याला मुलीकडे असते, नातवासाठी. येते अधूनमधून, डबे घासून, पडदे धुऊन जाते. कुलूप काढलं, पंखा लावला आणि बूट न काढता तसाच खुर्चीत बसून राहिलो. खोटं मी आधीही बोललो होतो, पण इतक्या सहज नाही.

आता सांगायचंच आहे तर नीट सांगतो.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. ती निपाणीला परत आली आणि अंगणवाडीत लागली. आई-आप्पा असेपर्यंत त्यांचं केलं, मग त्याच भाड्याच्या घरात एकटी राहिली. गल्ली विड्या वळणाऱ्या बायकांची. दारादारात सुपं मांडलेली, पानं कातरल्याचा कचरा आणि तंबाखूचा ठसकवणारा वास. सगळ्या बायका तिला ‘टीचर’ म्हणायच्या. तिच्याहून थोरल्यासुद्धा.

तिच्या घरासमोर एक मास्तर राहायचे. कानडी शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर, बायको गेलेली. त्यांच्या भिंतीवर एक फळा होता आणि रोज सकाळी ते त्यावर रंगीत खडूंनी लिहायचे, डावीकडे कानडी आणि उजवीकडे मराठी. गल्लीच्या बातम्या. ‘नळाला पाणी आज सकाळी नाही, दुपारी. सकाळची भांडणे दुपारी करावीत.’ एकदा लिहिलं होतं, ‘एका आजींचा चष्मा सापडला आहे. त्यांना हे वाचता येणार नाही, म्हणून शेजाऱ्यांनी सांगावे.’ कडेला चष्म्याचं चित्र. मी गेलो की आधी तो फळा वाचायचो. वाचून मनात थोडं जळायचंही. माझ्या लेखात इतकं मोकळं कधी उतरलं नाही.

मी जायचो ते महिन्या-दोन महिन्यांनी. आक्का मात्र दर रविवारी माझा लेख वाचून फोन करायची. “आज लई लांबण लावलीस.” नाहीतर, “ते पावट्याच्या शेंगांचं बरं लिहिलायस. पण पावटा आई सोलायची, तू न्हाय.” तेवढ्यावर ती फोन ठेवायची. माझी तेवढी एकच वाचक खरं बोलायची.

नकाशाचा दिवस असा. अंगणवाडीच्या कामात गल्लीचा नकाशा काढावा लागतो. कुठल्या घरी लहान मूल, कुठे गरोदर बाई, असं दाखवायला. बाकीच्या टीचर कागदावर काढून मोकळ्या व्हायच्या. आक्का बायकांना बोलवून अंगणवाडीपुढच्या अंगणातच काढायची. रस्त्याला विटेची भुकटी, बोळांना रांगोळी, घराला विडीच्या पानाची कातरण. मूल असलेल्या घरावर हरभरा, गरोदर बाईच्या घरावर मसूर. मी त्या दिवशी सहज गेलो होतो, पायरीवर बसून बघत होतो.

सरकारी मागणी एवढ्यावर संपायची. पण आक्कानं त्या वर्षी एक प्रश्न पदरचा घातला. अडचण आली तर पहिल्यांदा कुणाच्या दारात जाता? विड्या बांधायच्या तांबड्या दोऱ्याचं रीळ मधे ठेवलं आणि सांगितलं, आपल्या घरापासून त्या दारापर्यंत दोरा लावा.

मग जी मजा आली ती आली. एका सुनेनं दोरा सासूच्या घरी नेला, तशी दुसरी म्हणाली, “खोटं बोलतीस गं, नकाशाला पाप लागंल.” एक म्हातारी म्हणाली की तिचा दोरा थेट दवाखान्यात न्यावा लागतोय, रीळ पुरतंय का बघा. बघता बघता त्या रांगोळीवर तांबडं जाळं झालं. काही दारांत पाच-पाच दोरे आले. काही दारांत एकही नाही. तिथं बायका गप्प झाल्या.

कुणीतरी विचारलं, “टीचर, तुमचा कुठाय?”

आक्कानं आपल्या घराच्या पानापासून दोरा उचलला, नकाशाच्या बाहेर ओढत आणला आणि माझ्या चपलांपुढं टेकवला. म्हणाली, “माझा भाऊ हाय की बेळगावात.” सगळ्या हसल्या. मीही हसलो.

मग चहा झाला, बायका आत गेल्या. मी कप घेऊन दारात उभा होतो, अर्धा भिंतीआड. आक्का एकटीच बाहेर आली. इकडंतिकडं बघितलं. खाली बसून तिनं माझ्या चपलांपुढचा दोरा उचलला, रांगोळीचा बोळ ओलांडून समोर मास्तरांच्या पानावर नेला आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून वर एक बारका खडा ठेवला. क्षणभर तशीच बसली आणि उठून आत आली.

एवढंच मी बघितलं. ते माझं माझ्यापाशी ठेवता आलं असतं.

त्याआधीच्या वर्षी आक्काच्या छातीत दुखायला लागलं होतं. मास्तरांनीच रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात नेलं. मला फोन आला आणि मी तिसऱ्या दिवशी गेलो. शाळेत परीक्षा होत्या. परीक्षा खऱ्याच होत्या, पण एक दिवस सुट्टी मिळाली असती. तेव्हा तो दोरा माझ्या चपलांपासून उचलला गेला हे बरोबरच होतं. तरी मला राग आला. भावाचा हक्क म्हणावा असा काहीतरी राग. तो दाखवायची सोय नव्हती म्हणून मी तो लेखात घातला, छान शब्दांत.

ते वाक्य मी इथं पुन्हा देत नाही. त्यात एक बाई, तिचा भाऊ आणि तो हलवलेला दोरा होता. पुढं अंतराबद्दल एक गोड तत्त्वज्ञान होतं. पहिल्या खर्ड्यात मी ‘समोरच्या घरी’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या वाचनात ते सपक वाटलं. खोडून ‘फळ्याच्या घरी’ केलं. वाक्य एकदम उभं राहिलं. निपाणीत तसला फळा असलेलं घर एकच आहे, हे खोडताना मला ठाऊक होतं. मी विसरलो नव्हतो. पुरवणीच्या संपादकांनी फोनवर विचारलं, खरी माणसं आहेत का, कुणाला त्रास नाही ना? मी म्हणालो, कुणाचंच नाव घातलेलं नाही.

पुढचं मला आक्कानं नाही, तिच्या शेजारच्या विडीवाल्या बाईनं सांगितलं. लेख आला त्या रविवारी गल्लीत आनंद झाला. आपली गल्ली पेपरात आली म्हणून बायकांनी कात्रण खळ लावून त्याच फळ्यावर चिकटवलं. दोन दिवस येणारेजाणारे वाचून कौतुक करत होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्या वाक्यावर बोट ठेवलं. ज्या बायकांनी त्या दिवशी पोटभर हसून दोरे लावले होते त्यांतल्याच दोघी-तिघी पाणी भरताना विचारू लागल्या, “टीचर, दोरा पुरला का?” एका सकाळी अंगणवाडीच्या कडीला कुणीतरी तांबडा दोरा बांधून ठेवला. पोरं यायच्या आत आक्कानं तो दातांनी तोडला.

मास्तरांनी कात्रण पाण्यानं भिजवून, न फाडता काढलं. फळा पुसला. पाण्याची वेळ लिहिली. दुसऱ्या दिवसापासून काहीच लिहिलं नाही. त्यांचा मुलगा रजा काढून आला होता. दोन महिन्यांत मास्तर मुलाकडं राहायला गेले. कुठं ते लिहू नकोस असं आक्कानं सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. जाताना ते तिच्या दारात थांबले, “आगली,” एवढंच कानडीत म्हणाले, असो अशा अर्थानं, आणि रिक्षात बसले.

आक्का मला काही बोलली नाही. दिवाळीला गेलो तेव्हा करंज्या दिल्या, मुलीचं विचारलं. फक्त रविवारचा फोन बंद झाला. मी केला तर उचलायची. बरं हाय, ऊन लई हाय, पाऊस न्हाय. मी ह्याला समजूतदारपणा म्हणत होतो. तिनं विषय काढला नाही म्हणजे मिटलं, असं स्वतःला सांगत होतो, आणि तो लेख गावोगाव वाचत होतो. पुस्तकात घेतला तेव्हाही ‘फळ्याच्या’ हा शब्द तसाच ठेवला. आता काय बिघडायचं राहिलंय, असा विचार केला होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

त्या मुलीला खोटं सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी मी निपाणीची बस धरली. स्टँडवरून गल्लीपर्यंत चालत गेलो. वाटेत दोनदा वाटलं की आधी चहा घ्यावा. घेतला नाही.

आक्का आता रिटायर झालीय. उंबऱ्याजवळ बसून मेथी निवडत होती. मला बघून म्हणाली, “आज काय, शाळा बुडाली?” मी चपला काढून समोर बसलो आणि उगाच एक जुडी ओढून निवडायला लागलो. जुडी अर्धी झाली. मग मी मेथीकडंच बघत म्हणालो, “त्या दिवशी मी बघितलं होतं, आक्का. दारात उभा होतो.”

“ठाव हाय,” ती म्हणाली. “उंबऱ्यावर तुझा च्या सांडला हुता. मीच पुसला.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“काय बोलायचं? म्हटलं, बघितलं तर बघितलं. भावानंच बघितलंय.”

सहा वर्षं घासून गुळगुळीत केलेलं तेच वाक्य पुन्हा तोंडातून आलं. कुणाचं नाव घातलं नव्हतं मी.

तिनं हातातली काडी खाली ठेवली. “घातलं असतंस तर बरं झालं असतं रं. नाव घालायचं म्हटल्यावर मला इचारावं तरी लागलं असतं तुला.”

शेजारची बाई डोकावली. “टीचर, भाऊ आलाय व्हय?” आक्का म्हणाली, व्हय, मेथी निवडायला बोलावलाय, तुझी बी आण. बाई हसून गेली. मी थोडा धीर करून विचारलं, ते काय होतं, तिचं आणि मास्तरांचं. हे विचारायचा मला काहीएक हक्क नव्हता. पण लिहिताना मी ठरवूनच टाकलं होतं की काय होतं ते.

तिनं नवी जुडी ओढली. देठ एकीकडं, पानं एकीकडं, असं चाललं होतं.

“तेच तर,” ती शेवटी म्हणाली. “काय हुतं ते मलाबी ठाव न्हवतं. सकाळी फळा वाचायचा, त्यांनी इचारायचं गोळी घेतली का. मी कधी भाकरी द्यायची. एवढंच हुतं. पुढं काय व्हायचं का न्हाय व्हायचं, ते माझं मला ठरवायचं हुतं. मी ठरवायच्या आत तू छापलंस.”

मी म्हणालो, मास्तरांना जाऊन भेटतो, त्यांच्या पाया पडतो. त्यावर ती पहिल्यांदा रागावली. “तिकडं जायाचं न्हाय. तुझ्या मनावरचं ओझं त्यांच्या दारात कशाला टाकतोस? त्येंनी बिचाऱ्यांनी काय केलंय?” तिचं बरोबर होतं. मला मोकळं व्हायचं होतं, आणि पुन्हा एकदा त्यासाठी दुसऱ्याचं दार वापरायचं होतं.

जेवताना मी विचारलं, हे सगळं लिहू का. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. ती आमटी वाढत होती. म्हणाली, लिही, पण आधी मला वाचून दाखव, सगळं.

म्हणून पंधरा दिवसांनी कागद घेऊन पुन्हा गेलो. मी वाचत होतो आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. दोन ठिकाणी म्हणाली, काढ. काढलं. एक मास्तरांच्या मुलाबद्दल होतं, एक तिच्या नवऱ्याबद्दल. दुसरं वाक्य चांगलं होतं, पण मी हट्ट केला नाही. मेथी निवडण्याचा भाग आला तेव्हा तिनं डोळे उघडले.

वाचून झाल्यावर मी वाट बघत बसलो. तिनं चष्मा पुसला, पदर सारखा केला.

“ह्यात मी लई शानी दिसतीया,” ती म्हणाली. “मेथी निवडत बसलीया, शांतपणी बोलतीया. तशी न्हवते मी तवा. ते घाल की.”

“काय घालू?”

ती सांगत गेली, मी उभ्यानंच लिहून घेतलं. लिहिताना दोनदा हात थांबला, तसं तिनं तेच पुन्हा सांगितलं. नंतर मी वाचून दाखवलं, बरोबर हाय म्हणाली. ते असं:

“फळा पुसला त्या दिवसापास्नं मी म्हयनाभर रोज रडले. अंगणवाडीत पोरं झोपली की रडायचे. आणि भावाला शिव्या द्यायचे, आईवरनं बी दिल्या. तो मेला तर बरं असं एकदा म्हटलं. नंतर देवापुढं नाक घासलं. पण म्हटलं हुतं.”